फोटो गावात, वाचणारा शहरात : मराठवाड्यातल्या निदानाची पार्श्वभूमी

आमच्याकडे जुनी माणसं अजूनही एक्स-रेला ‘फोटो’ म्हणतात. ‘छातीचा फोटो काढलाय’ म्हणायचं आणि खाकी पाकीट पुढे करायचं. असंच एक पाकीट घेऊन वडील अंबाजोगाईला गेलेले मला आठवतात. फिल्म वळू नये म्हणून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून सुतळीनं बांधली होती. फोटो आजोबांचा होता. तो तालुक्याला निघाला, पण बघून ‘टीबी आहे की नाही’ हे सांगणारं तिथं कुणी नव्हतं. उत्तर हाती यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत आजोबा रोज रात्री आम्हा नातवंडांच्या शेजारीच झोपत होते.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे निदान कसं सुधारतंय, हे आता रोज कानावर येतं. मराठवाड्यापुरता विचार केला तर मला ही त्या दहा दिवसांची गोष्ट वाटते.

हे दिवस आले कुठून? निजामाच्या राजवटीतून हा भाग १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला, तेव्हा इथं एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. पहिलं १९५६ मध्ये औरंगाबादला सुरू झालं. आता शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आहे, पण परभणी-जालन्याकडचा पेशंट आजही तिथल्या या सरकारी दवाखान्याला ‘घाटी’ आणि ‘घाटीत नेलंय’ असंच म्हणतो. १९७४ मध्ये अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं. शहर सोडून तालुक्याच्या गावी असं महाविद्यालय काढणं ही त्या काळी मोठी गोष्ट होती. मग १९८८ मध्ये नांदेड, २००२ मध्ये लातूर. धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीला शासकीय महाविद्यालय मिळालं ते २०२२ पासून पुढे, म्हणजे मुक्तीनंतर जवळजवळ पाऊणशे वर्षांनी. मधल्या काळात मशिनं आली. एक्स-रे आला, सोनोग्राफी आली. मशीन एका वर्षात विकत घेता येतं. फोटो वाचणारा तज्ज्ञ घडायला आठ-नऊ वर्षं जातात, आणि घडल्यावर तो तालुक्याला येईलच असं नाही.

निदानाचं काम संगणकाकडे सोपवण्याचा विचार मात्र जुना आहे. इंग्लंडमध्ये लीड्स इथं एफ. टी. डी डोम्बल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये पोटदुखीच्या ३०४ रुग्णांवर तो करून पाहिला. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आलं, तिथल्या सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं ७९.६ टक्के वेळा. त्याच दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला ‘मायसिन’ नावाची प्रणाली झाली. रक्तातल्या जंतुसंसर्गावर कोणतं औषध द्यावं हे ती सांगायची, आणि चाचणीत तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरली. तरीही ती रुग्णाच्या खाटेपर्यंत कधी पोहोचली नाही. तेव्हाच्या संगणकाला चित्र वाचता येत नव्हतं. एकेक लक्षण माणसानं टंकून भरायचं, एकेक नियम माणसानं लिहायचा.

२०१२ च्या सुमाराला ही अडचण सुटली. लाखो चित्रं दाखवून यंत्राला स्वतःच खुणा ओळखायला शिकवणं जमू लागलं. वैद्यकात त्याचा पहिला मोठा गाजावाजा झाला तो मधुमेहाच्या डोळ्यांवर. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय आणि चेन्नईचं शंकर नेत्रालय यांच्यासोबत केलेलं काम प्रसिद्ध झालं. डोळ्याच्या पडद्याचा फोटो पाहून यंत्र मधुमेहामुळे झालेली इजा जवळपास नेत्रतज्ज्ञांइतकीच ओळखत होतं.

टीबीकडे येतो, कारण आमच्या भागात यंत्राची खरी गाठ त्याच्याशी पडली. देशभर २०१९ ते २०२१ या काळात टीबीचं सर्वेक्षण झालं. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण छातीचा एक्स-रे काढला नसता तर हुकलेच असते, कारण विचारलेल्या लक्षणांत ते बसतच नव्हते. खोकला नाही, ताप नाही, माणूस रोजच्या कामावर, आणि फुप्फुसात आजार. म्हणजे ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?’ हा आपण वर्षानुवर्षं दारोदार विचारलेला प्रश्न जवळपास निम्म्यांना गाठतच नव्हता. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं १५ वर्षांवरच्या माणसांच्या टीबी तपासणीत एक्स-रे संगणकानं वाचायला मान्यता दिली. मुंबईत २०१६ मध्ये सुरू झालेल्या क्युअर डॉट एआयसारख्या भारतीय कंपन्या या कामात आघाडीवर आहेत.

बीड जिल्ह्यातल्या एका शिबिरात हे मी जवळून पाहिलं. जिल्हा परिषदेच्या शाळेचा वर्ग, हातात धरता येईल एवढं एक्स-रे मशीन आणि टेबलावर लॅपटॉप. एक म्हातारे बाबा सदरा काढून पाटीला छाती टेकवून उभे राहिले. ‘श्वास धरा बाबा... सोडा.’ मिनिटभरात पडद्यावर फुप्फुसं उमटली, उजव्या बाजूला वरती लालसर-पिवळा डाग आला आणि शेजारी एक आकडा. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. तो ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला की बेडक्याचा नमुना घेऊन नॅट तपासणीला, म्हणजे टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीला, पाठवायचा, एवढाच त्याचा अर्थ. बरा झालेल्या जुन्या टीबीचा व्रणही यंत्राला पुष्कळदा ताज्या आजारासारखा दिसतो, म्हणून ही मर्यादा त्या त्या भागातल्या लोकांवर पडताळून ठरवावी लागते. बाबांनी विचारलं, ‘मोठ्या दवाखान्यात जायाचं का आता?’ आशाताई म्हणाल्या, ‘नाही बाबा, डबीत बेडका द्या. डबी जाईल, तुम्ही घरी थांबा.’ फोटो निघाल्यापासून पाच मिनिटंही झाली नव्हती. मला सुतळीनं बांधलेले ते पुठ्ठे आठवले.

पण यंत्राच्या आधीचा एक मोठा धडा मराठवाड्यानंच जगाला दिला आहे, आणि तो इथल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. ऑक्टोबर १९९९ मध्ये, किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षं झालेली असताना, तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एक प्रचंड चाचणी सुरू झाली. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून ती केली. खेड्यांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. एका गटाची एचपीव्ही या, हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची तपासणी झाली. दुसऱ्या गटात पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिसऱ्यात अ‍ॅसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या गटात तपासणी नव्हती, फक्त माहिती आणि नेहमीची सेवा.

आठ वर्षांचा पाठपुरावा करून एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. तपासणी नसलेल्या गटात या कॅन्सरनं ६४ बायका गेल्या, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले होते. ज्या दोन गटांत निदान माणसाच्या नजरेवर अवलंबून होतं, तिथं मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही. चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवलं, यावरून पुढे मोठा नैतिक वाद झाला. मला तो वाद रास्त वाटतो. त्या गटातल्या बायकांचं ऋण जगभरच्या बायकांवर आहे, आणि ते फिटलेलं नाही.

आज यंत्राला नेमकी हीच नजर शिकवली जाते आहे. कोस्टा रिकात नऊ हजारांहून अधिक बायकांच्या गर्भाशयमुखाचे जुने फोटो वापरून अमेरिकी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं, की कॅन्सरपूर्व बदल यंत्र तज्ज्ञांपेक्षा चांगले ओळखू शकतं. पुढे हेही लक्षात आलं, की कॅमेरा बदलला की यंत्राचं उत्तर डळमळतं. म्हणून धाराशिवच्या त्या चाचणीकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. तिथं जीव वाचले ते दोष सापडलेल्या बाईला पुन्हा बोलावून उपचार केले म्हणून. दारोदार फिरणाऱ्या बायका, जीप, बार्शीच्या दवाखान्यातली खाट, हे सगळं त्या निकालामागे उभं होतं.

निदान चुकीच्या हाती गेलं तर काय होतं, हेही याच भागानं सोसलं आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं आणि सरकारनं समिती नेमली. सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल’ एवढ्या एका वाक्यावर कितीतरी जणी टेबलावर गेल्या. खाडा झाला की मजुरी कापली जाते, आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल तर डोक्यावर असतेच. मग रोजचं दुखणं एकदाचं संपावं असं बाईला वाटणारच. अशा वेळी तपासणीचा फोटो जपलेला असणं, तो यंत्रानं आणि दूरच्या दुसऱ्या डॉक्टरनंही पाहिलेला असणं, ही मला या बायकांसाठी मोठी ढाल वाटते. तीच सोय शस्त्रक्रियेचं गिऱ्हाईक हेरायलाही वापरता येईल, ही भीतीही खरी आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२३ मध्ये वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. रुग्णाची संमती, त्याच्या माहितीची गोपनीयता आणि कुणाची जबाबदारी कुठे, हे त्यात आहे. ती उपजिल्हा रुग्णालयाच्या भिंतीवर मराठीत लागलेली मला बघायची आहेत.

थायलंडचा अनुभवही आपल्या कामाचा आहे. डोळे तपासणारं गूगलचं यंत्र तिथल्या साध्या दवाखान्यांत नेलं, तेव्हा पाचातल्या एकाहून जास्त फोटो त्यानं नाकारले. खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट अडखळत होतं, आणि फोटो नाकारला की रुग्णाला पुन्हा दूरच्या रुग्णालयाची वाट धरावी लागे. भारनियमन काय असतं हे माहीत असलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही.

त्या शिबिरात दुपारी एक जोडपं आलं. दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जाणारं. बाईच्या फोटोचा आकडा वर आला. आशाताईंनी बेडक्याची डबी दिली, मोबाइल नंबर घेतला. मग नंबराच्या शेजारी हातानंच एक रेघ मारून नवा रकाना केला आणि विचारलं, ‘यंदा कोणत्या कारखान्यावर?’ बाई नवऱ्याकडे बघायला लागली. ‘मुकादमाला नाही सांगत गं,’ आशाताई म्हणाल्या, ‘गोळ्या तिथं पाठवायच्यात, म्हणून.’ मग तिनं सांगितलं.