सलाईनच्या नळीत अडकलेला डोस

रक्तातल्या अँटिबायोटिकच्या पातळीचा रिपोर्ट आला की पहिली नजर आकड्यावर जाते. जास्त निघाला तर डोस कमी करायचा, कमी निघाला तर वाढवायचा. पण औषध शरीरात नेमकं कधी शिरलं हे ठाऊक नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. केसपेपरवर वेळ असते ती बहुधा औषध लावल्याची. ते नसेत पोचलं कधी, हे तिथे लिहिलेलं नसतं आणि घोळ तिथेच होतो.

सगळ्याच अँटिबायोटिकांची पातळी कुणी मोजत बसत नाही. जेंटामायसिन, अमिकासिन, व्हॅन्कोमायसिन यांची मोजतात, कारण त्यांच्या गुणाच्या आणि अपायाच्या मात्रेत फारसं अंतर नसतं. ही औषधं किडनीला त्रास देऊ शकतात. पहिली दोन तर आतल्या कानालाही, आणि तसं गेलेलं ऐकू येणं सहसा परत येत नाही. पुढच्या डोसच्या जरा आधी घेतलेल्या नमुन्याच्या पातळीला ट्रफ म्हणतात, डोसनंतरच्या वरच्या टोकाला पीक. जेंटामायसिन अर्ध्या तासात दिलं, तर ते संपल्यावर आणखी अर्ध्या तासाने पीकचं रक्त काढण्याची पद्धत आहे.

आता नळीकडे पाहू. गिझर चालू केला तरी नळाला आधी पाइपातलं गार पाणी येतं, तसंच इथे. सलाईनच्या सेटच्या नळीत १५ ते २० मिलिलिटर द्रव सहज मावतो. औषध ५० मिलिलिटरमध्ये मिसळलं असेल आणि बाटली रिकामी होताच सेट काढून टाकला, तर २० मिलिलिटर, म्हणजे ४० टक्के डोस कचऱ्यात जातो. चार्टवर मात्र ‘डोस दिला’ अशी नोंद! सेट तसाच ठेवून दुसरं सलाईन हळू सोडलं, तर अडकलेलं औषध जातं खरं, पण उशिरा.

या उशिराची गंमत अशी की तो दोन्ही बाजूंनी फसवतो. पीकचं रक्त ठरल्या वेळी काढलं तर औषध पुरतं पोचलेलंच नसतं, म्हणून आकडा कमी येतो. ट्रफच्या वेळी तो जास्त येतो. किडनी ठीक असलेल्या प्रौढ माणसात जेंटामायसिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. सगळा डोस एक तास उशिरा गेला, तर ट्रफ सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसेल. रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटेल, किडनी मंदावली. मग डोस घटवला जातो आणि फावतं जंतूंचं.

नवजात बाळांत हे आणखी अवघड. सलाईनचा वेग तासाला ४ मिलिलिटर असेल आणि औषध नळीत बाळापासून ८ मिलिलिटर अलीकडे टोचलं, तर ते नसेपर्यंत यायलाच दोन तास लागतात. म्हणून बाळाजवळच्या पोर्टमधून, बारीक नळी लावलेल्या सिरिंज पंपाने औषध देणं बरं.

ज्या लाईनमधून औषध गेलं तिच्यातूनच रक्त काढलं, तर उलटी चूक होते. आत चिकटलेला अंश नमुन्यात उतरतो आणि पातळी भलतीच वर दिसते. पेशंट ठणठणीत, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन स्थिर आणि आकडा मात्र आभाळाला भिडलेला असेल, तर डोसला हात लावण्याआधी दुसऱ्या हातातून रक्त काढून पाहावं.

व्हॅन्कोमायसिनचा एक ग्रॅम किमान एका तासात द्यावा लागतो. घाई केली तर चेहरा आणि मान लालबुंद होते, खाज सुटते, रक्तदाबही उतरू शकतो. अमेरिकेत २००९च्या मार्गदर्शक सूचनांत गंभीर संसर्गासाठी ट्रफ १५ ते २० मिलिग्रॅम प्रति लिटर सांगितला होता. २०२०मध्ये तो मागे पडला आणि दिवसभरातल्या रक्तपातळीची तासागणिक बेरीज, म्हणजे एयूसी, ४०० ते ६०० ठेवावी असं ठरलं. ती बहुधा दोन नमुन्यांवरून काढतात, त्यामुळे वेळांच्या नोंदी आता जास्तच काटेकोर हव्यात. चोवीस तास सलग पंपावर दिलं तर हिशेब सोपा होतो: पातळी स्थिरावल्यावर मिळालेल्या आकड्याला २४ने गुणायचं. २० ते २५ आला तर एयूसी ४८० ते ६००. मात्र त्याच लाईनमधून दुसरं काही द्यायला पंप थांबवला असेल, तर हा सोपेपणा संपला.

पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारखी औषधं हल्ली अर्ध्या तासाऐवजी चार तासांत देतात, कारण पातळी पुरेशी वर किती वेळ राहते यावर त्यांचा गुण ठरतो. १०० मिलिलिटर चार तासांत, म्हणजे तासाला २५. नळीत उरलेले २० मिलिलिटर हा तब्बल ४८ मिनिटांचा डोस! तो साध्या सलाईनने पुढे ढकलावा, पण त्याच वेगाने. भसकन फ्लश केला तर पाऊण तासाचं औषध क्षणात नसेत जातं.