मृगाच्या पहिल्या सरीनंतर मातीत काय घडतं

मे महिन्यात परभणी-हिंगोलीकडच्या काळ्या रानात भेगा अशा पडतात की हात सहज आत जावा. तुरीचा पाला, सोयाबीनचं भुसकट, पऱ्हाटीचे म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचे तुकडे त्यात जाऊन पडतात, पण कुजत नाहीत. कुजवणारे जिवाणू आणि बुरशी पाण्याशिवाय काम करत नाहीत. कडक उन्हात त्यातले कितीतरी मरतात, बाकीचे निपचित पडून राहतात.

मग मृगाची सर येते. मातीच्या त्या वासात मोठा वाटा असतो जिओस्मिन या रसायनाचा. स्ट्रेप्टोमायसिस गटातले जिवाणू ते तयार करतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की स्प्रिंगटेल नावाचे अगदी बारीक सहापायी जीव या वासाकडे ओढले जातात, ते जिवाणू खातात आणि त्यांचे बीजाणू दूरवर पसरवतात.

खरी उलथापालथ मात्र नाकाला कळत नाही. कोरड्या दिवसांत तग धरायला अनेक सूक्ष्मजीव अंगात शर्करा आणि अमिनो आम्लं साठवतात. अचानक पाणी मिळालं की पेशी फुगतात. काही फुटतात, काही तो साठा बाहेर टाकतात. मेलेल्यांची शरीरंही तिथेच असतात. या आयत्या अन्नावर उरलेले तुटून पडतात आणि काही तासांतच मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो. बर्च या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतल्या मातीत हे अभ्यासलं, १९५८ साली मांडलं. आज ते ‘बर्च परिणाम’ म्हणून ओळखलं जातं.

गरजेपेक्षा जास्तीचं नत्र, म्हणजे नायट्रोजन, हे जीव अमोनियमच्या रूपात सोडून देतात. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि ते पिकाची मुळं शोषतात. पण नायट्रेट चिकणमातीला धरून राहत नाही, जोराच्या पावसात निघून जातं. वेळेवर पेरणी साधण्यासाठी जुनी माणसं जी धडपड करत, तिला हेही एक भक्कम कारण आहे, असं मला वाटतं.

पऱ्हाटीचं गणित वेगळं. सूक्ष्मजीवांच्या शरीरात साधारण आठ भाग कार्बनामागे एक भाग नत्र असतं. श्वासात जाणारा कार्बन धरला तर त्यांना चोविसास एक या प्रमाणातलं अन्न मानवतं. शेणखत त्याच्या आसपास बसतं. वाळक्या काडीत कार्बनचं प्रमाण त्याहून बरंच जास्त. पेरणीच्या तोंडावर अशी काडी मातीत गाडली तर जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. म्हणून कंटाळून लोक पऱ्हाट्या पेटवतात. पालाश-स्फुरद (पोटॅशियम-फॉस्फरस) बरंचसं राखेत उरतं, पण नत्र जवळजवळ सगळं धुरात जातं, आणि मातीतल्या जीवांचं अन्नही जातं.

बांधाला वर्षभर पडून राहिलेली पऱ्हाटी उलटून बघा. मातीला टेकलेल्या बाजूला पांढरे धागे पसरलेले असतात आणि काडी बोटांनी चुरगळते. लाकडाला कणखरपणा देणारं लिग्निन फोडणं बहुतेक जिवाणूंना जमत नाही, ते काम प्रामुख्याने बुरशीचं. तिला मदत करायची तर पऱ्हाटीची कुट्टी करावी, शेणकाल्यात भिजवून खड्ड्यात थरावर थर रचावेत, ओल टिकवावी आणि अधूनमधून ढीग पालटावा. कुजताना लागणारं नत्र मग शेणातून मिळतं, उभ्या पिकाच्या तोंडचं जात नाही.