नॉर्वेजियन ट्रॉलर यॉट

नॉर्वेजियन ट्रॉलर यॉट : नॉर्वेच्या किनाऱ्यावर मासेमारीसाठी बांधलेल्या, नाहीतर त्याच घडणीवर फिरायला म्हणून बांधून घेतलेल्या जड, लाकडी, संथ चालीच्या मोटरबोटी. साधारण ४० ते ७५ फूट लांबी, भरलेलं गोल पोट, खोल तळकणा म्हणजे कोकणातले बोटवाले ज्याला पठाण म्हणतात तो, मागच्या अंगाला उंच केबिन आणि आत एकच मोठं सावकाश फिरणारं इंजिन, एवढं जुळलं की लोक तिला ट्रॉलर यॉट म्हणून मोकळे होतात. हे नाव अमेरिकेत रुजलं. नॉर्वेत अशा बोटीला शॉयटे किंवा कुटर म्हणतात, शॉयटे लिहिताना 'स्क'ने लिहितात पण बोलताना 'श'च ऐकू येतो.

आता हे नाव दोन्ही टोकांनी चुकलेलं आहे, आणि ते कसं हे जरा सविस्तर बघायला हवं. ट्रॉल म्हणजे समुद्राच्या तळावरून ओढत न्यायचं पिशवीसारखं जाळं. या बोटींपैकी बहुतेकींनी ते कधी ओढलंच नाही. त्यांचं काम गळांच्या लांब दोऱ्या, उभी जाळी, हेरिंग माशांच्या थव्याला वेढा घालणारी जाळी असं. दक्षिण नॉर्वेत कोळंबीसाठी छोटा ट्रॉल होता, तो आणण्यात मत्स्यशास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांचा मोठा वाटा, पण कॉड माशासाठी मोठा ट्रॉल ओढायला तिथल्या किनारी मच्छीमारांचा इतका विरोध होता की १९३० च्या दशकात कायदे करून ट्रॉलरना परवान्यात जखडून टाकलं. म्हणजे ज्या देशाने ट्रॉलरला दारात उभं केलं नाही त्याच देशाच्या बोटी जगभर ट्रॉलर म्हणून विकल्या जातात. आपल्याकडेही बंदरावर कुठल्याही यांत्रिक बोटीला सरसकट ट्रॉलर म्हणतातच, त्यामुळे हसायचं कारण नाही. उलट आपल्याकडचा ट्रॉलर नॉर्वेशी खराखुरा जोडलेला आहे : १९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला, त्यातून इंजिनाच्या बोटी आल्या आणि पुढे कोळंबीसाठीचं ट्रॉलिंग पश्चिम किनाऱ्यावर फोफावलं.

दुसरा शब्द यॉट. हा डच 'याख्त'वरून आला, मूळ अर्थ शिकारीशी, पाठलागाशी जोडलेला, म्हणजे वेगवान बोट. तोच शब्द नॉर्वेत 'याक्त' झाला आणि तिथे त्याचा अर्थ चक्क एका डोलकाठीची मालवाहू बोट असा ठरला. हार्डांगर फ्योर्डातली (फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी) १८८४ ची 'मथिल्ड' ही अशीच याक्त, आणि ध्रुवप्रवासी रोआल्ड आमुनसेन १९०३ ते १९०६ या काळात कॅनडाच्या उत्तरेचा बर्फाळ वायव्य मार्ग ज्या बोटीतून पार करून गेला ती रोसेनदालला १८७२ साली बांधलेली 'योआ'सुद्धा मूळची याक्तच. त्यात १३ अश्वशक्तीचं डॅनिश 'दान' इंजिन नंतर बसवलेलं होतं. राहिला शॉयटे, तर तो बहुतेक अभ्यासकांच्या मते डच 'स्खाउट' या सपाटसर बोटीच्या नावावरून आलाय. नॉर्वेजियनमध्ये जवळचाच 'स्कूते' असा एक शब्द आहे, तो जुन्या नॉर्स भाषेतल्या 'स्कूता'वरून आलेला, म्हणून काहीजण शॉयटेलाही थेट नॉर्स मानतात. दोन्ही शब्द शेवटी एकाच मुळाचे असतील हे शक्य आहे, पण शॉयटे हे रूप डच व्यापाराबरोबर, म्हणजे साधारण १६ व्या-१७ व्या शतकाच्या आगेमागे आलं असावं हे मत जास्त पटतं, कारण त्या काळात नॉर्वेचं लाकूड डच बोटीच भरून नेत होत्या.

घडणीच्या उगमावरही असाच वाद आहे. या बोटी पुढून-मागून दोन्हीकडे निमुळत्या किंवा मागे गोलसर असतात, त्यावरून विक्रेते लगेच व्हायकिंगांपर्यंत पोचतात. ते सोडून देऊ. दुसरं मत कॉलिन आर्चर या बोट आखणाऱ्याचं नाव घेतं. आर्चर १८३२ साली लार्विकला स्कॉटिश आईवडिलांच्या पोटी जन्मला, काही वर्षं ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला राहून परत आला, ध्रुवप्रवासी नान्सेनचं 'फ्राम' जहाज १८९२ साली त्यानेच बांधलं, आणि १८९१ ला स्थापन झालेल्या सागरी बचाव संस्थेसाठी त्याने शिडाच्या बचावबोटी आखल्या, त्यातली पहिली १८९३ ची 'कॉलिन आर्चर' हीच. ती पुढे अमेरिकेत जाऊन पडली होती, १९७० च्या दशकात परत नॉर्वेत आणून दुरुस्त केली. आर्चर १९२१ ला वारला पण त्याचं नाव असं काही चिकटलं की टोकदार पाठ, म्हणजे बोटीची मागची बाजू, दिसली की ती 'कॉलिन आर्चर', असं समीकरण झालं. तिसरं मत असं की आर्चरने स्वतःच आधीच्या पायलट बोटी, म्हणजे जहाजांना वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांच्या बोटी, सुधारून घेतल्या होत्या, त्यामुळे टोकदार पाठ त्याच्या आधीचीच, आणि मोटर आल्यावर घडण परत बदलली ती त्याच्यामुळे नाही. शिडाच्या बोटीची बारीक पाठ इंजिनाने ढकलली की मागून खाली बसते, तिथे पाण्याचा आधार पुरत नाही, म्हणून पाठ भरत गेली, गोल झाली, आणि १९३० च्या आसपास क्रूझर जहाजासारखी गोल पाठ सर्रास दिसायला लागली. आज जी बोट ट्रॉलर यॉट म्हणून ओळखली जाते ती या मोटरच्या टप्प्यातली, त्यामुळे तिचे खरे आईबाप हार्डांगर आणि म्योरे भागातले बोट बांधणारे सुतार मानणं जास्त बरोबर वाटतं.

इंजिन हा या बोटींचा जीव. जुन्या बोटींत सेमी-डिझेल असायचं, म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर एक लोखंडी गोळा, तो ब्लोलॅम्पने दहा-पंधरा मिनिटं लाल होईस्तोवर तापवायचा, मग दाबाच्या हवेने इंजिन फिरवायचं, आणि एकदा चालू झालं की गोळा आपल्याच आचेवर तापलेला राहतो. मिनिटाला तीन-चारशे फेरे, दोन-स्ट्रोक, एक-दोन मोठे सिलिंडर, त्यामुळे आवाज शेतातल्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनासारखा, ठक... ठक... ठक, फ्योर्डाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाणारा. फार वेळ रिकामं चालवलं तर गोळा गार होतो आणि इंजिन बंद पडतं. ब्योम्लो बेटावरच्या रुब्बेस्टादनेसचं विखमान, मोल्डेचं ब्रुनवोल, स्वीडनचं बोलिंडर ही नावं इथे वारंवार येतात. बर्गनचं साब छोट्या बोटींत आणि जगभरच्या व्यापारी जहाजांच्या लाइफबोटींत असायचं, जहाजावर नोकरी केलेल्या आपल्याकडच्या बऱ्याच मंडळींनी ड्रिलच्या दिवशी त्याचं हँडल फिरवलेलं असणार. दुसरी खासियत पंख्याची, म्हणजे प्रोपेलरची : अनेक बोटींत इंजिन एकाच दिशेने फिरतं, गिअरबॉक्स नाहीच, केबिनमधलं चाक फिरवून पंख्याची पाती वळवायची आणि पुढे-मागे जायचं. बंदरात शिरताना नवख्या मालकाची पहिली धडक बहुतेक इथेच होते. याच घडणीच्या बोटींनी १९४१ पासून स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरून जर्मनव्याप्त नॉर्वेत माणसं आणि हत्यारं पोचवली, 'शेटलंड बस' म्हणतात ती. ऑक्टोबर १९४२ ला लाइफ लार्सनची 'आर्थर' तर 'टिर्पिट्झ' या जर्मन युद्धनौकेवर हल्ल्यासाठी निघाली होती, पण खाली बांधलेले मानवचलित टॉर्पेडो वाटेतच तुटून गेले. पुढच्या हिवाळ्यात एवढ्या बोटी बुडाल्या की १९४३ च्या शेवटी तीन अमेरिकन पाणबुडीविरोधी बोटींनी त्यांची जागा घेतली.

मासेमारीच्या बोटी फिरण्यासाठी कशा आल्या, तर एक म्हणजे १९६० नंतर नॉर्वे सरकारने जुन्या बोटी मासेमारीतून काढून टाकायला पैसे दिले, पुष्कळ बोटी जाळल्या-बुडवल्या गेल्या, काही स्वस्तात हौशी लोकांच्या हातात पडल्या. दुसरं, १९६० च्या दशकात अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी 'रोम्सडाल' नावाच्या साधारण ६५ फुटी बोटी याच घडणीवर बांधल्या गेल्या. ट्रॉलर यॉट ही कल्पना तेव्हा हवेत होतीच : १९६३ ला निवृत्त अमेरिकन नौदल अधिकारी रॉबर्ट बीबी याची ५० फुटी 'पॅसेजमेकर' सिंगापुरात पाण्यात उतरली, त्याच सुमारास हाँगकाँगला ग्रँड बँक्स या ट्रॉलर यॉटची सुरुवात झाली. त्यांच्या तुलनेत नॉर्वेच्या बोटी जुन्या आणि खऱ्याखुऱ्या कामाच्या, पण आराम म्हणाल तर बेताचाच.

मालकी म्हणजे मुख्यतः लाकूड सांभाळणं. खारं पाणी लाकडाला मुरवतं, कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. मासे आणि मीठ भरत होते तोवर बोट आतून खारवलेली होती, आता त्या जागी गालिचा, हिटर, चकचकीत पॅनेल लावून हवा कोंडली की फळ्यांच्या मागे बुरशी धरते, म्हणून जाणकार घेताना आधी डेकखालचे कोपरे टोचून बघतात, हातोडीने ठोकून आवाज ऐकतात, आणि सोफ्याकडे शेवटी वळतात. आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : लोखंड गंजू नये म्हणून जस्ताचे ठोकळे लावतात, ते गरजेपेक्षा जास्त झाले की धातूभोवती अल्कली तयार होऊन लाकूडच भुसभुशीत होतं, खिळा चांगला आणि भोवतालची फळी गेलेली. फ्लोरिडासारख्या गरम ठिकाणी बोट नेली तर उन्हाने डेकचे सांधे उघडतात आणि खाली लाकूड पोखरणारा किडा लागतो, सांध्यांसाठी रोज डेकवर खारं पाणी मारणं हा जुना आणि फुकटचा उपाय. मासे काढून टाकल्यावर बोट हलकी होऊन वर येते तेही लक्षात ठेवायला लागतं, पोटात लोखंड किंवा दगड मापाने भरले नाहीत तर तिचा तोल बदलतो.

नॉर्वेत अशा बोटींना वारसा म्हणून मान आहे. फोरबुंडेट क्यूस्टेन ही किनारी संस्कृतीची संघटना १९७९ ची, जुन्या जहाजांचा संघ १९८५ चा, आणि सरकारच्या वारसा खात्याकडून 'संरक्षित जहाज' असा दर्जा मिळतो. दुरुस्तीची तीन मान्य केंद्रं आहेत, नोरहाइमसुंद, ग्रातांगेन आणि क्रिस्तियानसानजवळ ब्रेदाल्सहोल्मेन. दर्जा हवा तर मनाला येईल तसं बदलता येत नाही, जुनं सेमी-डिझेल काढून नवीन स्कॅनिया कंपनीचं डिझेल इंजिन बसवणं सोयीचं असलं तरी त्या वाटेने वारसा कमी होतो.

प्रवास सावकाश होतो. अशा पोटाच्या बोटीचा वेग पाण्यावरच्या लांबीच्या वर्गमूळाशी बांधलेला, फुटांतल्या लांबीच्या वर्गमूळाला १.३४ ने गुणायचं, म्हणजे ४९ फुटांना सुमारे ९.४ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), त्यापुढे कितीही डिझेल जाळलं तरी लाटच मोठी होते, प्रत्यक्षात सात-आठवर ठेवतात. गोल पोटामुळे बोट डोलते खूप, म्हणून मागच्या छोट्या डोलकाठीवर शीड बांधतात, ते पळायला नाही तर डुलणं कमी करायला, काहीजण दोन्ही बाजूंना आडव्या काठ्या सोडून पाण्यात मासळीच्या आकाराचे जड पंख ओढतात. स्टावांगेरपासून उत्तरेकडे बेटांच्या आडोशाने बराच मार्ग शांत जातो, मात्र स्टाड आणि हुस्टादविका इथे बेटं संपतात आणि उघडा समुद्र लागतो, तिथे हवामान बघत बंदरात दोन-चार दिवस काढणं नेहमीचंच. १५ ते २४ मीटर लांबीची बोट फिरायला चालवायची तर नॉर्वेत साध्या बोट परवान्यावर भागत नाही, वरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं.