समुद्र नाही, तरी नौदल कसं?

‘पॅराग्वेला समुद्रकिनाराच नाही, म्हणजे त्याचं नौदल नुसतं कागदावरचं,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो. पहिला भाग खरा आहे, पण दुसरा त्यातून निघत नाही.

नकाशा उघडून पाहा. पॅराग्वे नदी देशाच्या मधून वाहते, राजधानी असुन्सियोन तिच्याच काठी. पुढे ती पराना नदीला मिळते आणि ते पाणी ब्यूनस आयर्सजवळून अटलांटिकला जातं. मालाची मोठी ने-आण याच वाटेने होते. मग पहारा नको?

इतिहासही पडताळता येतो. बोलिव्हियाशी झालेल्या १९३२-३५ च्या चाको युद्धात सैनिक नदीने उत्तरेकडे पोचवले ते इटलीत बांधलेल्या ‘पॅराग्वे’ आणि ‘उमायता’ या तोफनौकांनी. त्याआधी १८६५ मध्ये रियाचुएलोला पॅराग्वेचं आरमार ब्राझीलशी लढलं, तेही परानाच्या पात्रात. (हरलं, ही गोष्ट वेगळी.)