दोन तबकड्या, एक लय : बीटमॅचिंगची पार्श्वभूमी

नाशिकमध्ये ‘डीजे’ म्हटले की बहुतेकांना भद्रकाली, मेन रोड, रविवार कारंजा या भागांतून गंगाघाटाकडे सरकणारी विसर्जन मिरवणूक आणि तिच्यातील ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत आठवते. या शब्दातील ‘डी’ म्हणजे डिस्क, अर्थात तबकडी, हे आपण जवळजवळ विसरलो आहोत. घरातल्या टेबलावर तबकड्या फिरवणारे दोन साधे टर्नटेबल आणि मध्ये दोन्हींचा आवाज एकत्र करणारा एक लहान मिक्सर मांडून बीटमॅचिंग शिकू पाहणाऱ्याला मात्र त्या तबकडीपासूनच सुरुवात करावी लागते. तो जिथे जिथे अडतो, तिथे पूर्वी कोणीतरी अडलेले होते, आणि त्याच्या पुढ्यातील सामग्रीचा जवळपास प्रत्येक भाग अशाच एखाद्या अडचणीतून निघालेला आहे. म्हणूनच ही विद्या तिच्या इतिहासासह शिकल्यास लवकर उमगते, असे मला वाटते.

वाजत असलेल्या गाण्याच्या वेगाशी दुसऱ्या तबकडीचा वेग हेडफोनमध्ये ऐकून जुळवायचा, मग दुसरीची सम पहिलीच्या समेवर आणायची आणि दोन्ही काही काळ एकत्र वाजू द्यायच्या, एवढाच बीटमॅचिंगचा अर्थ आहे. तबला किंवा ताशा हाताखालून गेलेल्या मुलाला यातील मोजणी परकी वाटत नाही. नृत्यसंगीताची वाक्ये बहुधा चार-चार मात्रांच्या चार किंवा आठ गटांत बांधलेली असतात, आणि त्यांपैकी सोळा मात्रांचे वाक्य तर त्रितालाच्या आवर्तनाएवढेच असते. अवघड आहे ते वेगातील सूक्ष्म फरक ओळखणे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधील अंतर अर्ध्या सेकंदाचे असते. दोन तबकड्यांच्या वेगात केवळ १ टक्का फरक असला, तरी दर सेकंदाला सुमारे १० मिलिसेकंदांची फारकत पडते, दोन-तीन सेकंदांतच एका ठोक्याचे दोन ठोके ऐकू येऊ लागतात, आणि पंचवीस सेकंदांनी एका तबकडीचा ठोका दुसरीच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध पडतो.

आपल्याकडे लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरवाला एकामागून एक रेकॉर्ड लावत असे, तेव्हा एक संपून दुसरी लागेपर्यंतची शांतता कोणाला खटकत नसे, कारण मांडवात कोणी सलग नाचत नव्हते. न्यूयॉर्कच्या क्लबांत मात्र ती शांतता म्हणजे नाचणाऱ्यांचे पाय थांबणे होते. एका जुन्या चर्चच्या इमारतीत सुरू झालेल्या सँक्च्युअरी या क्लबमध्ये १९६९-७०च्या सुमारास फ्रान्सिस ग्रासो या डीजेने दोन गाण्यांचे ठोके एकमेकांवर बसवून नाच सलग ठेवण्यास आरंभ केला. तबकडी बोटांनी धरून ठेवायची, खाली प्लॅटर, म्हणजे टर्नटेबलची फिरती थाळी, फिरत राहू द्यायचा आणि नेमक्या क्षणी तबकडी सोडायची, ही रेडिओ केंद्रांवरील जुनी युक्ती त्याने क्लबमध्ये आणली. त्याच्या काळातील गाणी जिवंत वादकांनी वाजवलेली असल्यामुळे त्यांचा वेग ओळीओळीला किंचित हलत असे, आणि म्हणून लय एकदा जुळवून भागत नसे, ती अखेरपर्यंत बोटांनी सांभाळावी लागे. सत्तरच्या दशकातील हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या घेऊन बसणाऱ्याला आजही हाच अनुभव येतो.

त्या काळच्या अनेक टर्नटेबलांत मोटार प्लॅटरला रबरी पट्ट्याने किंवा चाकाने फिरवीत असे. तबकडी हाताने थांबवली की पट्टा ताणला जाई किंवा घसरे, आणि ती सोडल्यावर मूळ वेग यायला वेळ लागे. जपानमधील मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता या अभियंत्याच्या चमूने प्लॅटर थेट मोटारीच्या अक्षावरच बसवला आणि १९७०मध्ये टेक्निक्स या नावाने एसपी-१० हा थेट चालणारा टर्नटेबल बाजारात आणला. १९७२मध्ये आलेला एसएल-१२०० हा खरे तर घरी शांतपणे संगीत ऐकणाऱ्यांसाठी होता; डीजेंनी तो आपलासा केला, आणि मग कंपनीने त्यांची गरज ध्यानात घेऊन १९७९मध्ये त्याची एमके२ ही आवृत्ती काढली. तिच्यात वेग कमी-जास्त करणारा सरळ स्लायडर होता. तो दोन्ही दिशांना ८ टक्क्यांपर्यंत जात असल्यामुळे १२५ ठोक्यांचे गाणे ११५ ते १३५ यांमध्ये कुठेही नेता येई. थांबलेला प्लॅटर ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेई. आज नवशिक्यासाठी टर्नटेबल घेताना पट्ट्याचा स्वस्त नग टाळावा असे जाणकार सांगतात, त्याचे कारण हेच आहे.

एमके२मधील क्वार्ट्झ नियंत्रणामुळे, म्हणजे स्फटिकाच्या स्थिर कंपनांवरून वेग राखण्याच्या सोयीमुळे, वेग घरातील विजेच्या आवर्तनांवर अवलंबून राहिला नाही, ही गोष्टही आपल्यासाठी महत्त्वाची आहे. अमेरिकेतील ६० हर्ट्झच्या विजेवर चालणारी जुन्या पद्धतीची सिंक्रोनस, म्हणजे विजेच्या आवर्तनांनुसार फिरणारी, मोटार नाशिकच्या ५० हर्ट्झवर लावली, तर प्लॅटर सुमारे सतरा टक्के हळू फिरतो आणि कोणतेही गाणे जुळत नाही. जपानहून आलेल्या १०० व्होल्टच्या वापरलेल्या नगाला तर आधी ट्रान्सफॉर्मर लागतो.

न्यूयॉर्कच्याच ब्रॉन्क्स भागात दुसरी धारा वाहत होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या डीजेची जी पार्टी झाली, तिला हिपहॉपचा जन्मदिवस मानतात. एकाच तबकडीच्या दोन प्रती घेऊन त्यांतील केवळ ड्रमचा तुकडा आलटून-पालटून लांबवणे ही त्याची रीत होती, पण त्यात सांधे अचूक पडत नसत. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅशला ते खटकले. त्याने तबकडीवर मेणखडूने खुणा केल्या, प्लॅटर आणि तबकडी यांच्यामध्ये निसरडी चकती घातली, आणि दुसरी तबकडी लोकांना ऐकू न जाता आपल्यालाच हेडफोनमध्ये ऐकता यावी म्हणून स्वतः स्विच जोडला. आजच्या खोक्यातून निघणारी स्लिपमॅट नावाची तशीच चकती आणि मिक्सरवरील हेडफोनसाठीचे क्यूचे बटण हाताळताना ही धडपड आठवावी.

पुढे गाण्यांचाच वेग स्थिर झाला. डोना समर यांचे ‘आय फील लव्ह’ हे गाणे ज्योर्ज्यो मोरोदेर आणि पीट बेलॉट यांनी १९७७मध्ये सिंथेसायझरच्या यांत्रिक आवर्तनांवर उभे केले. १९८०मध्ये लिन एलएम-१ आणि रोलँड टीआर-८०८, तर १९८३मध्ये टीआर-९०९ ही ड्रमयंत्रे आली. अशा यंत्रांवर बांधलेल्या गाण्यांत लय हलत नाही, त्यामुळे शिकणाऱ्याने सुरुवात हाउस या ड्रमयंत्रांवरच्या नृत्यसंगीताच्या तबकड्यांपासून करणे सोयीचे असते. त्यानंतर २००१मध्ये पायोनियरचा सीडीजे-१००० हा डीजेंसाठीचा सीडी प्लेअर आला आणि पुढील काही वर्षांत संगणकातील गाणी हाताने हाताळू देणाऱ्या सांकेतिक तबकड्याही आल्या. ठोक्यांचा आकडा पडद्यावर दिसू लागला आणि जुळवणी एका बटणावर आली. टेक्निक्सने २०१०मध्ये एसएल-१२०० मालिकेचे उत्पादन थांबवले, पण २०१६मध्ये ते पुन्हा सुरू केले.

तबकडीचा वेग बदलला की स्वरही बदलतो, आणि याकडे आपल्या कानांनी अधिक लक्ष द्यावे असे मला वाटते. वेग सुमारे ६ टक्के वाढवला की गाणे अर्धा स्वर चढते, म्हणजे काळी एकचे गाणे पांढरी दोनमध्ये जाते. पेटीवर गाणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या नाशिककराला ही चढलेली पट्टी लगेच कळते आणि लय जुळूनही सूर का भांडतात याचा उलगडा होतो.

सरावाचा सर्वांत चांगला मार्ग हर्कच्या दोन प्रतींपाशीच जातो. एकाच तबकडीच्या दोन प्रती लावाव्यात, एका टर्नटेबलचा स्लायडर घरातील कोणाला तरी थोडासा हलवायला सांगून त्यावर कागद झाकावा, आणि दुसऱ्याचा स्लायडर केवळ ऐकून त्याच जागी आणावा. तबकडी मागे पडत असेल तर लेबलाला बोटाने हलका रेटा द्यावा आणि स्लायडर थोडा अधिकच्या (+) बाजूला सरकवावा. पुढे जात असेल तर प्लॅटरच्या कडेला बोट टेकवून स्लायडर उण्याच्या (−) बाजूला घ्यावा. दोन्ही वाजत असताना कागद काढून पाहिला, की चूक कोणत्या बाजूला होते ते त्या दिवशीच कळते.