हाडं निर्जीव नसतात

हाडं म्हणजे भार पेलणारा निर्जीव सांगाडा, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो साफ चुकीचा आहे. रक्त, मेद, कास्थी (सांध्यांत असतो तसा गुळगुळीत, लवचीक भाग), अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) यांच्यासारखीच हाड हीसुद्धा संयोजी ऊती, म्हणजे शरीराचे भाग जोडणारा आणि त्यांना आधार देणारा पेशींचा समूह, आहे आणि ती पूर्णपणे जिवंत असते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर मधोमध रक्तवाहिनीची नळी दिसते, तिच्याभोवती एकात एक वर्तुळाकार थर आणि त्या थरांमधल्या इवल्याशा पोकळ्यांत अस्थिपेशी. किती देखणी रचना आहे ही! काही पेशी जुनं हाड विरघळवतात, काही नवं घडवतात. प्रौढपणी दरवर्षी साधारण १० टक्के हाड असं बदललं जातं. म्हणूनच तर मोडलेलं हाड जुळून येतं. कास्थीत मात्र रक्तवाहिन्याच नसतात, त्यामुळे तिची झीज सहसा भरून निघत नाही.