डोक्याला मार लागला की स्टेरॉइड?

वर्धा रोडवर अपघात होतो, पेशंट मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पोचतो आणि नातेवाइकांचा आग्रह ठरलेला: "मेंदूला सूज आहे ना, मग स्टेरॉइड द्या." समज जुना आहे, अगदीच हवेतला नाही. मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने खरंच उतरते. माराची सूज वेगळी. तिथे बऱ्याच पेशी स्वतःच पाणी धरून फुगतात. मायक्रोग्लिया या मेंदूच्या पहारेकरी पेशी काही मिनिटांत जाग्या होतात, मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात आणि दाहही वाढवतात. म्हणजे स्टेरॉइड जो दाह दाबतं, तो सगळाच शत्रू नव्हे.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश नावाच्या औषध-चाचणीत डोक्याला मार लागलेले १०,००८ जखमी होते. निम्म्यांना ४८ तास मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं. दोन आठवड्यांत त्यांच्यातले २१.१ टक्के दगावले, औषध न मिळालेल्यांतले १७.९. उलटंच झालं!

मग करतात काय? डोक्याकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ (कॉलर घट्ट बसली की मानेच्या शिरा दबून कवटीतला दाब वाढतो, आणि नेमकं हेच विसरतात), ऑक्सिजन आणि रक्तदाब नीट राखायचा. कवटीतला दाब वाढलाच तर तो उतरवणारं मॅनिटॉल, वजनाच्या किलोमागे ०.२५ ते १ ग्रॅम. रक्तदाब आधीच घसरलेला असेल तर तेही नको. लघवीवाटे पाणी काढून ते रक्तदाब आणखी पाडतं.